नावाला बंदी

एडिंबरोच्या रॉयल माइलवर अचानक पाऊस आला म्हणून भाची आणि मी एका टार्टनच्या दुकानात शिरलो. आत ओल्या लोकरीचा वास दाटला होता आणि जमिनीपासून छतापर्यंत चौकड्याच चौकड्या होत्या, लाल, हिरव्या, निळ्या, मोहरीसारख्या पिवळ्या. काउंटरच्या बाजूला एक मोठा तक्ता लावलेला. डावीकडे आडनावं, उजवीकडे क्लॅन, म्हणजे तिथली भावकी. आपलं आडनाव शोधायचं, समोरचा क्लॅन बघायचा आणि त्याच्या चौकडीचा मफलर घ्यायचा, असा तिथला शिरस्ता. आमच्या पुढे एक वयस्कर गृहस्थ होते, बोलण्यावरून कॅनडाचे असावेत. काउंटरवरच्या मुलीनं आडनाव विचारलं. ते म्हणाले, "ब्लॅक." तिनं तक्त्यावरून बोट फिरवलं. ब्लॅक या आडनावापुढे तीन क्लॅन होते: लॅमंट, मॅक्लीन, मॅक्ग्रेगर. तिनं लॅमंटचा निळा-हिरवा मफलर पुढे केला, हा तुम्हाला शोभून दिसेल म्हणाली. त्यांनी मान हलवली. "आम्ही मॅक्ग्रेगर." मुलीनं सहज, गोड आवाजात विचारलं, "घरात जुने कागद वगैरे आहेत का?" त्यावर ते म्हणाले, "कागदावर आमचं नाव लिहायला परवानगी होती कुठे?" आवाज चढला नव्हता, पण दुकानातल्या दोघातिघांनी वळून बघितलं. त्यांनी लाल-हिरवा मफलर घेतला, तिथेच गळ्याभोवती गुंडाळला आणि पावसात निघून गेले.

माझ्या डोक्यातून ते वाक्य जाईना. आपल्याकडे वंशावळीचा प्रश्न निघाला की माणूस हेळव्याची वही, भाटाचं बाड, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांची चोपडी असं काहीतरी पुढे करतो. कागद असणं हाच पुरावा. इथे एक माणूस कागद नसणं हाच पुरावा म्हणून दाखवत होता. रात्री ग्लासगोला भाचीच्या घरी मी या एका आडनावाच्या मागे लागले, आणि सुट्टी संपेपर्यंत मग दुसरं काही बघावंसं वाटलं नाही.

हे आडनाव कुठून आलं हे सांगायला क्लॅनच्या लोकांना फार आवडतं. ग्रेगरचे वंशज म्हणजे मॅक्ग्रेगर, इतकं सरळ आहे. पण हा ग्रेगर कोण, याची दोन उत्तरं मिळतात. क्लॅनच्या परंपरेप्रमाणे तो नवव्या शतकातल्या अल्पिन राजाच्या रक्ताचा. म्हणून त्यांच्या चिन्हावर मुकुट घातलेल्या सिंहाचं मस्तक आहे आणि खाली गेलिक भाषेत 'माझं कूळ राजाचं' अशा अर्थाचं ब्रीद आहे. इतिहासकार इतक्या मागे जात नाहीत. ते चौदाव्या शतकातल्या एका ग्रेगरपाशी थांबतात. परंपरा त्याला 'सोनेरी लगामांचा ग्रेगर' म्हणते, आणि त्याचा मुलगा एका डोळ्यानं अधू असलेला इयन. मला हा लगामवाला ग्रेगर जास्त आवडला. राजाचं रक्त कुणीही सांगतं, पण घोड्याचे लगाम लोकांच्या लक्षात राहिले म्हणजे तो माणूस खरोखर कुणीतरी दरीतून जाताना पाहिला असेल. त्यांचा मुलूख पश्चिमेच्या डोंगरातला: ग्लेनऑर्की, ग्लेनस्ट्रे, लॉख ऑ या सरोवराच्या आजूबाजूच्या दऱ्या. अडचण अशी की या जमिनींची सनद त्यांच्याकडे नव्हती. ती गेली शेजारच्या कॅम्बेलांकडे. कॅम्बेल राजदरबारी वजन राखून होते, कायदा जाणत होते, लग्नं विचार करून जुळवत होते. मॅक्ग्रेगर म्हणत, आमचा हक्क तलवारीचा. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या, राखलेल्या जमिनीवर ते हळूहळू दुसऱ्याचे कूळ झाले आणि नंतर तेही राहिले नाहीत. आपल्या गावांमधून वतनाच्या आणि कुळकायद्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजायला स्कॉटलंडचा नकाशा लागत नाही.

या वैराच्या मधोमध एक बाई आहे. मॅरियन कॅम्बेल. ग्लेनलायनच्या डंकन कॅम्बेलची ही मुलगी ग्लेनस्ट्रेच्या ग्रेगर रॉयची बायको झाली, म्हणजे शत्रूच्या घरात गेली, आणि गाणं खरं मानायचं तर सुखानं गेली. ७ एप्रिल १५७० ला ग्लेनऑर्कीच्या कॅम्बेल जहागीरदारानं, तिच्याच भाऊबंदांपैकी एकानं, तिच्या नवऱ्याचा शिरच्छेद केला. तिनं रचलेला म्हणून मानला जाणारा विलाप गेलिकमध्ये आजही गातात. चाल अंगाईची आहे. मांडीवर बाळ आहे आणि ती त्याला सांगते आहे की त्यांनी त्याचं डोकं ओकच्या ओंडक्यावर ठेवलं, रक्त जमिनीवर सांडलं, माझ्या हातात पेला असता तर मी ते पोटभर प्याले असते. इतर बायका आज निवांत झोपतील आणि मी पलंगाच्या कडेला दोन्ही हात आपटत बसेन. भाचीच्या स्वयंपाकघरात हे ऐकलं तेव्हा शब्द कळत नव्हते, अनुवाद शेजारी उघडा होता, आणि मला जात्यावर बसलेल्या माझ्या आजीचा आवाज ऐकू येत होता. आजी ओव्यांमधून काय काय बोलून जायची! सासरच्या माणसांसमोर तोंडानं जे कधी निघालं नसतं ते दळणाबरोबर बाहेर पडायचं. मॅरियन आपल्या बापाला आणि चुलत्यांना या गाण्यात सरळ शाप देते. साडेचारशे वर्षं झाली, त्या शापाची धार गेलेली नाही.

मॅक्ग्रेगर साधुसंत होते असं मी म्हणणार नाही. १५८९ मध्ये राजाच्या शिकारीच्या जंगलाचा रखवालदार, एक ड्रमंड, त्यांच्यातल्या काहींनी मारला. त्याचं मुंडकं बालव्हिडरच्या चर्चमध्ये नेलं आणि तरुण नायक अलस्डेर याच्यासह जमलेल्या साऱ्या क्लॅननं त्या मुंडक्यावर हात ठेवून शपथ घेतली की हे पाप आपण सगळ्यांचं. मारेकऱ्याला एकटं पाडायचं नाही, हा त्यातला अर्थ. वाचताना अंगावर काटा येतो, आणि त्या एकजुटीबद्दल मनात काहीतरी हलतंही. ही दोन्ही एकदम होतात आणि मला ती वेगळी करता येत नाहीत. पुढे लस गावच्या कॉहून क्लॅनशी वैर वाढलं. डिसेंबर १६०२ च्या एका लुटीनंतर मेलेल्यांच्या बायका आपापल्या माणसांचे रक्ताळलेले सदरे घेऊन स्टर्लिंगला राजासमोर उभ्या राहिल्या, अशी हकिकत सांगतात. मग ७ फेब्रुवारी १६०३ ला ग्लेन फ्रूइनच्या अरुंद दरीत लढाई झाली. कॉहूनांचे घोडे दलदलीत रुतले आणि शंभरावर माणसं कापली गेली. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स त्या दिवसांत एका मोठ्या गोष्टीची वाट बघत होता. मार्चच्या अखेरीस इंग्लंडची राणी एलिझाबेथ वारली आणि लंडनचं सिंहासन त्याच्याकडे चालून आलं. ५ एप्रिलला तो एडिंबरो सोडून निघाला. त्याच्या दोन दिवस आधी, ३ एप्रिल १६०३ ला, त्याच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे सल्लागार मंडळानं, ठराव केला: मॅक्ग्रेगर हे नाव यापुढे असणार नाही. ज्याचं आहे त्यानं ते टाकावं आणि दुसरं घ्यावं, नाहीतर मरणाची शिक्षा.

गुन्हेगाराला शिक्षा सगळ्या राज्यांमध्ये होते. इथे नावालाच गुन्हा ठरवलं.

अलस्डेरचा शेवट फसवणुकीत झाला. आर्गाइलच्या अर्लनं, म्हणजे कॅम्बेलांच्या सर्वोच्च नायकानं, त्याला इंग्लंडला सुखरूप पोहोचवण्याचा शब्द दिला. शब्द अक्षरशः पाळला. सरहद्द ओलांडून त्याला इंग्लंडच्या मातीवर उभं केलं आणि तिथूनच परत फिरवून एडिंबरोला आणलं. जानेवारी १६०४ मध्ये त्याला फाशी दिलं, बरोबरच्या माणसांपेक्षा स्वतःच्या उंचीइतकं वर टांगून, कारण तो नायक होता. मानाची ही असली मोजणी वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले. पुढच्या वर्षांत कायदे वाढत गेले. त्या वंशाच्या चारांहून अधिक माणसांनी एकत्र जमायचं नाही. शस्त्र बाळगायचं नाही, फक्त मांस कापायला टोक नसलेली सुरी. आणि १६३३ चा कायदा तर घराच्या आत शिरतो. कुठल्याही पाद्र्यानं मुलाचा बाप्तिस्मा ग्रेगर या नावानं करायचा नाही, कुठल्याही कारकुनानं किंवा दस्त लिहिणाऱ्यानं त्या नावानं कागद करायचा नाही. दुकानातल्या गृहस्थांचं वाक्य म्हणजे या कलमाचा शब्दशः सारांश होता. त्यांना ते कलम वाचून ठाऊक होतं की आजीकडून, कोण जाणे.

मग माणसांनी केलं काय? जे जवळ होतं ते नाव घेतलं. कुणी ज्याच्या जमिनीवर राहत होते त्याचं आडनाव लावलं: मरे, ड्रमंड, ग्रँट, स्ट्युअर्ट, ग्रॅहम. कुणी रंग घेतले, ब्लॅक आणि व्हाइट. कुणी राजकुळाच्या अभिमानाची खूण ठेवून किंग झाले. काहींनी नाव थोडं वाकवलं आणि त्यातला ग्रेगर शाबूत ठेवला: ग्रेगरी, ग्रेग, ग्रियर. ॲबर्डीनकडचं ग्रेगरी घराणं आपलं मूळ मॅक्ग्रेगरांमध्ये सांगतं. परावर्तक दुर्बिणीची रचना १६६३ मध्ये मांडणारा गणिती जेम्स ग्रेगरी याच घराण्यातला. त्यांच्याबद्दलची एक गोष्ट मला फार गोड वाटते. १७१५ च्या बंडाच्या धामधुमीत मॅक्ग्रेगरांमधला गाजलेला बंडखोर रॉब रॉय ॲबर्डीनला गेला तेव्हा तो वैद्यकीच्या प्राध्यापक ग्रेगरींकडे नातेवाईक म्हणून उतरला, अशी कथा आहे. पाहुणचारानं खूश होऊन तो यजमानांना म्हणाला, तुमचा हा मुलगा पुस्तकांत वाया जातोय, माझ्याबरोबर डोंगरात पाठवा, मी त्याला माणूस करतो. बापाची किती पंचाईत झाली असेल! एका बाजूला विद्यापीठातली प्रतिष्ठा, दुसऱ्या बाजूला दारात आलेला, नावाच्या जोरावर मुलाला मागणारा दरोडेखोर नातेवाईक. त्यानं त्याला हाकललं नाही, टोलवत राहिला. मुलगा घरीच राहिला आणि पुढे तोही प्राध्यापक झाला. नाव वेगळं लिहायची शंभर वर्षं उलटली होती तरी नातं दोघांनीही नाकारलं नाही, हे मला त्या कथेत महत्त्वाचं वाटतं.

कायद्याच्या कलमांपाशी मात्र मी अडखळत राहिले, कारण ती मला ओळखीची होती. जन्मावरून गुन्हेगार, एकत्र जमायला बंदी, फिरायला परवाना, हत्यार सापडलं तर शिक्षा. १८७१ मध्ये ब्रिटिश सरकारनं हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या दुरुस्तीनंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. आमच्याकडचे पारधी, कैकाडी, भामटे त्यात आले. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. तिला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. आत राहणाऱ्यांना रोज हजेरी द्यावी लागायची, बाहेरगावी जायचं तर पास काढावा लागायचा. पोर जन्माला आलं की तेही यादीत. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. पण आमच्या शिरपूरकडे माझ्या लहानपणी, म्हणजे त्यानंतर कितीतरी वर्षांनी, गावात चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर पडायची. आमच्या वर्गातला एक मुलगा अशा धाडीनंतर शाळेत आला नाही. बाईंनी हजेरी घेताना त्याचं नाव पुकारलं, दोन दिवस पुकारलं, आणि मग ते पुकारायचं थांबलं. स्कॉटलंडमध्ये मॅक्ग्रेगरांवरचा शेवटचा कायदा १७७४ मध्ये रद्द झाला. शंभर वर्षंही झाली नव्हती, तेवढ्यात त्याच राज्यानं दुसऱ्या खंडातल्या अख्ख्या जमातींवर जवळजवळ तीच कलमं लादली. हे कुणी मुद्दाम उतरवून घेतलं असं मला म्हणायचं नाही. पण एका वंशाचं नाव हाच गुन्हा ठरवता येतो, हे त्या राज्याच्या अनुभवात आधीपासून होतं.

बालव्हिडरला आम्ही भाचीच्या गाडीनं गेलो. लॉख व्हॉइलच्या टोकाशी लहानसं दगडी चर्च, भोवती मऊ, पाण्यानं फुगलेलं गवत, आणि कुंपण घातलेल्या चौकोनात रॉब रॉय, त्याची बायको आणि दोन मुलगे. थडग्याच्या दगडावर तलवार कोरलेली आहे, दगड त्याच्याहून जुना आहे. लोकांनी नाणी ठेवलेली होती, देवापुढे ठेवतात तशी. शिलालेखात नावांबरोबर तीन शब्द आहेत आणि त्यांचा भाव मराठीत असाच येतो: मॅक्ग्रेगर, त्यांच्या नाकावर टिच्चून. रॉब रॉयचं आयुष्य या आडनावाच्या इतिहासात अगदी नेमकं बसतं. दुसऱ्या चार्ल्सनं १६६१ मध्ये नाव परत दिलं होतं, कारण यादवीत हे लोक राजाच्या बाजूनं लढले होते. म्हणून १६७१ साली लॉख कॅट्रिनकाठच्या ग्लेनगाइलमध्ये जन्मलेल्या रॉबचा बाप्तिस्मा मॅक्ग्रेगर म्हणून होऊ शकला. तो बाविशीत असताना, १६९३ मध्ये, विल्यम राजानं बंदी परत आणली. मग त्यानं आईचं आडनाव लावलं, आणि आई होती कॅम्बेल. ज्यांनी जमीन घेतली, नायकाला फसवून फाशी चढवलं, त्यांच्याच नावानं तो सह्या करत राहिला. १७३४ च्या डिसेंबरात तो मेला तेव्हाही कायदा होता तसाच होता. थडग्यावर आज जे नाव इतकं ठळक आहे ते लावून तो आयुष्यातला बराचसा काळ कायद्यानं जगूच शकला नाही. मी तिथे उभी असताना वारा उलटसुलट वाहत होता आणि मागच्या ओढ्याचा आवाज येत होता. भाचीनं विचारलं, "मावशी, थंडी वाजतेय का?" वाजत होती, पण निघावंसं वाटत नव्हतं.

तिथल्या एका फलकावर क्लॅनची वनस्पती लिहिलेली होती. प्रत्येक क्लॅनची एक असते आणि तिची डहाळी टोपीत खोवतात. मॅक्ग्रेगरांचा पाइन, मॅक्डोनाल्डांचं हेदर. हे वाचून मी उभ्या उभ्या भाचीला देवकाची गोष्ट सांगितली, कुणाचं कळंब, कुणाचं मोरपीस, कुणाची समुद्रवेल, आणि लग्नाआधी ते कसं आणतात, मांडवात कसं बांधतात. ती ग्लासगोत वाढली आहे, तिला आपलं देवक ठाऊक नव्हतं. मलाही आईला फोन करून विचारावं लागलं. चौकड्यांचं म्हणाल तर अमुक क्लॅनची अमुक चौकडी हा हिशेब बराच अलीकडचा आहे, १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हापासून त्याला खरा जोर चढला. झाडाची डहाळी मला कापडापेक्षा खरी वाटते. ती विकत घेता येत नाही, त्या डोंगरात जाऊनच तोडावी लागते.

आईशी फोनवर बोलताना विषय भलतीकडे गेला. मी म्हटलं, स्कॉटलंडमध्ये जुन्या काळी बायका लग्नानंतरही माहेरचंच आडनाव ठेवायच्या, मॅरियन शेवटपर्यंत कॅम्बेलच होती. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "तुझ्या आजीचं माहेरचं नाव तुला माहीत आहे?" मला आजी सासरच्याच नावानं ठाऊक होती. तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं, नवऱ्यानं ठेवलेलं ते नाव. माहेरचं नाव गोदावरी होतं. नवव्या-दहाव्या वर्षी लग्न झालं, त्या दिवशी आडनाव, वडिलांचं नाव आणि स्वतःचं नाव, तिन्ही एकदम गेली. तिचे भाऊ भेटायला आले की तेवढा वेळ ती गोदी असायची. तिच्यावर कुणी सैन्य पाठवलं नव्हतं, अंगावर दागिने घातले होते आणि वाजंत्री वाजत होती. तरी मला ते सुखासुखी पचवता येत नाही. आमच्या वंशावळीच्या कागदावर तिच्या जागी 'कुटुंब' एवढाच शब्द आहे.

आणि मग थाळनेर. हे मी शोधायला गेले नव्हते, वाचता वाचता समोर आलं. थाळनेर म्हटलं की लोकांना मंगेशकरांचं आजोळ आठवतं, लताबाईंच्या आई तिथल्या. (आडनावांचाच विषय चालू आहे तर आठवलं: ते आडनावही दीनानाथांनी मंगेशीच्या नावावरून घेतलेलं, मूळचं नव्हे.) आमच्यासाठी ते शिरपूरजवळचं तापीकाठचं गाव, फारुकी सुलतानांच्या कबरी आणि ढासळलेला किल्ला. उन्हाळ्यात मामाकडे गेलो की त्या मातीच्या ढिगाऱ्यावर चढायचो. पायाखालची माती इतकी तापलेली असायची की चपलेतून चटके बसत. २७ फेब्रुवारी १८१८ ला, मंदसोरच्या तहानं होळकरांनी खानदेश इंग्रजांना देऊन टाकल्यावर, सर थॉमस हिस्लॉपची फौज हा किल्ला ताब्यात घ्यायला आली. किल्लेदार तुळशीराम मामा आणि आतले अरब शिपाई यांनी तो दिला नाही. तोफा चालल्या, बोलणी सुरू झाली, आणि शेवटच्या दरवाजाच्या दिंडीतून काही गोरे अधिकारी आत गेले. एकमेकांची भाषा कळत नव्हती, कशावरून तरी भडका उडाला आणि अरबांनी जंबिये उपसले. मेजर गॉर्डन आणि रॉयल स्कॉट्स पलटणीचा कॅप्टन मॅक्ग्रेगर तिथेच मेले. लेफ्टनंट कर्नल मरे अनेक जखमा होऊन वाचला. हा कर्नल मरे म्हणजे इव्हन मरे, क्लॅन ग्रेगरच्या नायकाचा मुलगा. बंदीच्या काळात त्याच्या पूर्वजांनी मरे हे नाव घेतलं होतं. कायदा गेल्यावर ८२६ मॅक्ग्रेगरांनी सही करून त्याच्या वडिलांना, कंपनीच्या बंगाल फौजेतल्या जॉन मरे यांना, नायक मानलं होतं. म्हणजे आमच्या थाळनेरच्या त्या एका दरवाजात दोन मॅक्ग्रेगर होते, एक स्वतःच्या नावानं मेला आणि एक उसन्या नावाच्या आडोशानं जगला. चार वर्षांनी, १८२२ मध्ये, इव्हननं राजाज्ञेनं मॅक्ग्रेगर हे आडनाव पुन्हा घेतलं. त्याच वर्षी चौथ्या जॉर्जच्या स्वागतात स्कॉटलंडचा मुकुट, राजदंड आणि तलवार एडिंबरोच्या किल्ल्यावरून हॉलिरूड राजवाड्यात नेताना पहाऱ्याचा मान त्याला आणि त्याच्या क्लॅनला मिळाला. मेजवानीत त्यानं पेला उंचावला तो राजाच्या नावानं, नायकांचा नायक म्हणून.

एडिंबरोच्या त्या मिरवणुकीचं वर्णन वाचताना मला आनंद व्हायला हवा होता. दोनशेहून अधिक वर्षांच्या नामुष्कीनंतर तीच माणसं राज्याचा मुकुट राखत चालली होती, त्यांना तो क्षण मिळायलाच हवा होता असं मला आजही वाटतं. पण थाळनेरला त्या संध्याकाळी काय झालं हेही त्याच वर्णनाला चिकटून येतं. दरवाजातल्या मारामारीनंतर किल्ल्यातली सुमारे तीनशे माणसं कापून काढली आणि तुळशीराम मामांना फाशी दिलं. लंडनच्या पार्लमेंटातही त्याबद्दल प्रश्न उठले. कागदावर सगळे अधिकारी हुद्द्यासकट आहेत, कुठल्या पलटणीचे, कुठे जखम झाली, सगळं. आतल्या तीनशेंपैकी नाव आहे ते एका तुळशीराम मामांचं. ज्या घराण्यानं नाव पुसलं जाणं इतकं सोसलं, त्याचा वारस त्या दरवाजात विजेत्यांच्या बाजूनं उभा होता. पुढे तो कॅरिबियन बेटांचा गव्हर्नर झाला आणि १८४१ मध्ये बार्बाडोसला वारला. त्या बेटांवर आजही कितीतरी काळ्या कुटुंबांची आडनावं स्कॉटिश आहेत, मळेवाल्या मालकांकडून आलेली. तिथल्या एखाद्या कॅम्बेलला त्याचा क्लॅन विचारला तर तो काय सांगेल?

मराठवाड्यात येमेनमधल्या हद्रमौतहून आलेल्या अरब शिपायांचे वंशज अजून आहेत. चाऊस आडनाव लावतात. औरंगाबादला कॉलेजात माझ्याबरोबर एक चाऊस होता, शांत, सुंदर अक्षराचा, माझ्या वह्या नेहमी त्याच्याकडून पुऱ्या व्हायच्या. त्याच्या घरी आम्ही ईदला शीरखुर्मा खायला गेलो होतो. त्याची आजी दख्खनी बोलायची आणि मधूनच असा एखादा शब्द टाकायची की तिच्या मुलांनाही कळायचा नाही. त्याचा नंबर आता मी दुसऱ्या मैत्रिणीकडून मिळवला आहे. रविवारी फोन करणार आहे. पणजोबांच्या मागे कितवी पिढी कुणाच्या फौजेत होती, खानदेशात कुणी होतं का, आणि आजीकडून ऐकलेली किती नावं त्याला अजून ठाऊक आहेत, हे सगळं विचारायचं आहे. तो सांगेल ती सगळी नावं मी लिहून घेणार आहे.